बालवाडीची वेळ कोणी ठरवायची?



या पानावर आपण एरवी तुरीचा मर रोग, उडदावरचा केवडा, जनावरांची लाळ-खुरकूत अशा गोष्टींचा अभ्यास करतो. आजचा धडा लेकरांविषयी आहे. पण तो औषधाचा किंवा आहाराचा धडा नव्हे. लेकरांसाठी गावात जी सोय केली जाते, मग ती बालवाडी असो, अंगणवाडी, शाळा किंवा लसीची फेरी असो, ती कशी असावी हे कोणी ठरवायचे, असा आजचा प्रश्न आहे. प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर चुकले तर काय होते, ते मी स्वतः पाहिले आहे, म्हणून आधी माझीच चूक सांगतो.

मी नवा नवा फादर झालो तेव्हा एका गावी, नाव सांगत नाही, आम्ही बालवाडी सुरू केली. खोली चांगली होती, फळा होता, रंगीत चित्रे होती. दुपारी शेंगदाण्याचा लाडू आणि दूध देण्याची व्यवस्था केली. शिकवायला एक शिकलेली मुलगी नेमली. वेळ ठेवली सकाळी दहा ते दुपारी एक. ही वेळ कोणी ठरवली? मी ठरवली. आमच्या शाळेत असताना बालवर्ग दहालाच भरत असे, एवढेच तिचे कारण. पहिल्या आठवड्यात सव्वीस लेकरे आली. सुगी सुरू झाली तशी अकरा राहिली, मग सहा. ती सहाही कोणाची, तर ज्यांच्या घरी आजी होती त्यांची. ज्यांच्यासाठी बालवाडी काढली होती, त्या रोजंदारीवर जाणाऱ्या बायांचे एकही लेकरू येत नव्हते.

मी रविवारी मिस्सानंतर आयाबापांना रागावलो. तुम्हांला लेकरांची काळजी नाही, असेही बोलून गेलो. तेव्हा मागे उभी असलेली एक बाई पदर सावरून म्हणाली, "फादर, तुमी धाला उघडता. आमी साताला रानात असतो. तुमी एकला सोडता, आमी येतो दिवस बुडता. मधी लेकराला कोन बघावं?"

मला उत्तर देता आले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की ती तीन वर्षांची लेकरे त्यांच्या आठ-नऊ वर्षांच्या बहिणींजवळ असतात आणि म्हणून त्या बहिणींनी शाळा सोडली आहे. म्हणजे आमच्या बालवाडीने लहानग्याची सोय केली नाही ती नाहीच, मोठीचीही शाळा वाचवली नाही. जी गोष्ट साऱ्या गावातल्या बायांना ठाऊक होती, ती मला ठाऊक नव्हती, कारण मी विचारलेच नव्हते. विहिरीला पाणी किती आहे हे न विचारता 'ऊस लावा' असे सांगणाऱ्या साहेबाला आपण हसतो. मी तोच साहेब झालो होतो.

आता यातला आरोग्याचा भाग लक्षात घ्या. दोन वर्षांच्या लेकराचे पोट त्याच्या मुठीएवढे असते. मोठ्या माणसासारखे दोन वेळा जेवून त्याचे भागत नाही. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे, घट्ट आणि तेल-डाळ घातलेले अन्न लागते. आई सकाळी सातला जाऊन सायंकाळी सहाला आली, तर मधले अकरा तास त्याला भरवणार कोण? आठ वर्षांची बहीण भाकरीचा तुकडा हातात देते आणि खेळायला जाते. कित्येक घरांत कणगीत ज्वारी असते, डाळ असते, तरी लेकरू वाळते. अन्न घरात असून ते लेकराच्या तोंडात घालायला दिवसा माणूस नसते. ही गोष्ट एखाद्या साहेबाला फार अभ्यास केल्यावर समजते. आईला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

माझी चूक काही नवी नव्हती. आपल्याच मराठी मुलखात ती पूर्वी झाली होती आणि सुधारलीही गेली होती. ती गोष्ट मला आधी कळली असती तर बरे झाले असते. ताराबाई मोडक (1892–1973) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर लहान मुलांच्या शिक्षणाचे काम केले. पुढे 1945 साली त्या मुंबईजवळ समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. अनुताई वाघ (1910–1992) त्यांना तेथे येऊन मिळाल्या. दोघींनी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली. गावातली मुले आली. हरिजनवस्तीतली मात्र येईनात. घरी धाकटे भावंड सांभाळायचे, अंगावर कपडा नाही, वरच्या आळीत जायची भीती. ताराबाई पालकांवर रागावल्या नाहीत. बालवाडीलाच त्यांनी उठवून वस्तीत नेले. झाडाखाली, घरापुढच्या अंगणात लेकरे जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, गाणी म्हणायची, असे चालले. अंगणात भरते म्हणून तिला 'अंगणवाडी' म्हणू लागले. आज सगळ्या देशात जे नाव पाटीवर आहे, ते असे वस्तीतून आले. सरकारची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली आणि तिने ते नाव घेतले. नावाबरोबर त्यामागची रीत घेतली का, हा वेगळा प्रश्न आहे.

1957 साली दोघी तेथून जवळच कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींच्या वस्तीत गेल्या. तेथे अडचण निराळी. मोठी मुले गुरे राखायला जात. तर गुरे चरतात तेथेच शाळा न्यायची, तिला कुरणशाळा म्हणत. आणि बहिणीच्या कडेवर भावंड असते, त्यावर उपाय म्हणून एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ठेवली. मुलगी येताना भावाला कडेवर घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि आपल्या वर्गात बसे. तिला त्यांनी विकासवाडी असे नाव दिले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. बिया, शिंपले, पाने, खडे ही रानातलीच साधने त्यांनी वापरली. माझ्या त्या बालवाडीसाठी मी रंगीत चित्रांवर जो पैसा घातला, त्यात एक पाळणा आणि एक आजीबाई ठेवता आली असती.

पण ताराबाई-अनुताईंच्या कामात एक गोष्ट अशी आहे की पाहणाऱ्या, ओळखणाऱ्या त्या दोघीच. त्यांचे डोळे चांगले होते, मन मोठे होते, म्हणून त्यांना दिसले. सगळ्यांचे डोळे तसे नसतात, माझे नव्हते. म्हणून ज्यांची लेकरे आहेत त्यांनाच ठरवण्याच्या जागी बसवायचे, ही पुढची पायरी. ती पायरी अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) जामखेडला दिसते. ते जामखेड आपल्यापासून फार दूर नाही आणि तेथली जमीन, पाऊस, ज्वारी, दुष्काळ हे सगळे आपल्यासारखेच. म्हणून ती हकीकत जरा सविस्तर सांगतो.

डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे हे ख्रिस्ती पतिपत्नी. दोघे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. काही वर्षे त्यांनी वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केले. तेथे त्यांच्या लक्षात आले की आज बरे करून पाठवलेले लेकरू चार महिन्यांनी त्याच आजाराने परत येते. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन 1970 साली ते जामखेडला आले. त्यांनी लोकांना विचारले, तुम्हांला काय हवे? लोक म्हणाले, पाणी आणि अन्न. आरोग्याचे नाव कोणी काढले नाही. एखाद्या डॉक्टरला हे ऐकून राग आला असता. आरोळ्यांनी ते खरे मानले. थोड्याच दिवसांत 1972चा मोठा दुष्काळ आला, आणि लोक बरोबर सांगत होते हे साऱ्या महाराष्ट्राला दिसले. जामखेडच्या कामाचा आरंभ लहान मुलांच्या सामुदायिक स्वयंपाकघरांपासून आणि बोअरच्या विहिरींपासून झाला. गावोगाव तरुण शेतकऱ्यांची मंडळे निघाली, त्यांनी स्वयंपाकघराची जबाबदारी घेतली. सगळ्या जातींची लेकरे एका पंगतीत बसली. बोअर कोठे घ्यायची यावरही आरोळ्यांनी आग्रह धरला की ती दलित वस्तीत किंवा तिच्या लगत असावी. पाणी हवे असेल तर तेथे यावेच लागेल. लोकांना विचारायचे याचा अर्थ जो मोठ्याने बोलतो त्याचेच ऐकायचे, असा त्यांनी केला नाही, ही गोष्ट मला त्यांच्या कामात विशेष वाटते.

नंतर त्यांचीही एक योजना फसली. खेड्यात शिकलेली नर्सबाई ठेवायची, असे त्यांनी ठरवले होते. नर्स तरुण, परगावची. गावातल्या बाया तिच्याशी मोकळेपणाने बोलेनात आणि तिलाही गावात एकटे राहणे जड जाई. तेव्हा गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी आणि तिला शिकवावे, असे ठरले. निवडलेल्या बाया बहुतेक प्रौढ, लेकुरवाळ्या, पुष्कळशा दलित आणि अक्षरशत्रू. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, आणि गावात काय घडले ते डॉक्टरांना सांगत. येथे शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे सांगणे अवघड होते. जुलाब झाले की लेकराचे पाणी तोडायचे, बाळंतिणीचा पहिला चीक टाकून द्यायचा आणि बाळाला तीन दिवस पाजायचे नाही, या चालींची कारणे डॉक्टरांना ठाऊक नव्हती. या बायांना होती, कारण त्यांनी स्वतः तसे केले होते. आणि म्हणूनच 'मीही तसे करत होते, आता करत नाही' असे त्यांनी सांगितलेले दुसऱ्या बाईला पटे.

1971 साली त्या भागात जन्मलेल्या दर हजार लेकरांपैकी 176 वर्षाच्या आत दगावत होती. 1976 पर्यंत तो आकडा 52 वर आला. हजारातल्या त्या सव्वाशे लेकरांसाठी नवे मोठे इस्पितळ बांधलेले नव्हते. 1979 साली आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधीच जगाच्या आरोग्य संघटनेने जामखेडची दखल घेतली होती. 1978 साली सोव्हिएत संघात आल्मा-आटा येथे (ते शहर आता कझाकस्तानात आहे) देशोदेशींचे लोक जमले. त्यांनी आपल्या जाहीरनाम्यात लिहिले की आपल्या आरोग्यसेवेची आखणी करण्यात भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे. 1988 साली जामखेडच्या एक आरोग्य कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ अमेरिकेत वॉशिंग्टनला परिषदेत बोलायला गेल्या. तेथे दिवाणखान्यात लखलखणाऱ्या झुंबरांकडे बोट करून त्यांनी सांगितले की ही सुंदर आहेत, पण महाग आहेत आणि हाताला लागत नाहीत. वातीच्या साध्या दिव्यावर मात्र दुसरा दिवा लावता येतो. मेबलबाई 1999 साली गेल्या, रजनीकांत 2011 साली. काम चालू आहे.

गडचिरोलीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती पुष्कळांनी ऐकली असेल. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी 1986 साली 'सर्च' संस्था काढली. आदिवासी लोक दवाखान्यात का येत नाहीत, असे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे आली ती कोणत्याही पुस्तकात नव्हती. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो, नातेवाईकांना बाहेर ठेवतात, आणि पांढरे कपडे तर आम्ही मेलेल्याला घालतो. मग झोपड्यांसारखा दवाखाना बांधला, नातेवाइकांना राहायची सोय केली, आणि लोकांच्या देवीचे, दंतेश्वरीचे नाव त्याला दिले. पुढे 39 गावांत तेथल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. 1995 ते 1998 या काळात तेथे नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. आज आपल्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचे वजन करते, ताप पाहते, त्या रीतीचे मूळ तेथे आहे.

आता कोणी म्हणेल, फादर, हे थोर लोकांचे झाले. आमच्या औराद-भालकीकडच्या, आळंदकडच्या खेड्यात काय? येथे तर सगळे सरकारचे. अंगणवाडी सरकारची, शाळा सरकारची. आमचे कोण ऐकणार?

तर ऐकावे असा कायदा आहे, हे आधी समजून घ्या. कर्नाटकात 2001 पासून सरकारी शाळांना शाळा विकास व देखरेख समिती आहे. आपण तिला एस.डी.एम.सी. म्हणतो. 2009चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की अशा समितीत चारांतले तीन सभासद पालक असावेत आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात. मागासलेल्या व गरीब घरांतल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी. अंगणवाडीला बालविकास समिती असते, तीत आया असतात. आपल्या धर्मग्रामातल्या किती जणांना आपण अशा समितीचे सभासद आहोत हे ठाऊक आहे? मी मागे विचारले तर एक गृहस्थ म्हणाले, "हो, माझ्या बायकोचं नाव हाय, सही मी करतो." लोक हसले. मला हसू आले नाही. त्या समितीत ठरते की पोषण आहाराचे भांडे कोठे धुवायचे, मुलींच्या संडासाला कडी कधी बसायची. त्या गृहस्थाला ते काय ठाऊक?

ठरवणाऱ्याने न विचारता ठरवले की पैसा असूनही गोष्ट कशी अडते, याचे एक उदाहरण आपल्या राज्यातलेच आहे. गरोदर आणि बाळंतीण बायांना अंगणवाडीत दुपारचे गरम जेवण द्यायचे, अशी मातृपूर्ण योजना 2 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झाली. हेतू उत्तम, घरी दिलेला शिधा सगळ्यांत वाटला जातो आणि तिच्या वाट्याला थोडाच येतो, हे खरेच आहे. पण जेवायला रोज अंगणवाडीत यायचे. जी बाई दीड कोसावर खुरपायला गेली आहे ती दुपारी कशी येणार? नऊ महिन्यांची अवघडलेली बाई तांड्यावरून चालत कशी येणार? आणि काही घरच्या सासवा सुनेला चारचौघांत जेवायला पाठवत नाहीत, मग ते बरोबर असो की चूक. योजना आखण्याआधी दहा गावांतल्या दहा-दहा बायांना बसवून विचारले असते, तर हे तिन्ही अडथळे एका दुपारीत कळले असते. शेतात डबा पोचवायचा, की सकाळी लवकर द्यायचे, की दोन वस्त्यांमिळून एक चूल ठेवायची, हे त्यांनीच सुचवले असते.

आपल्या शेजारचे उलटे उदाहरण पाहा. बिदरहून जहिराबादकडे गेले की पस्तापूर लागते. तेथे 1983 पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या कामात दलित बायांचे संघ आहेत. रेशनवर तांदूळ मिळतो, पण आमच्या रानात ज्वारी-बाजरी पिकते, पडीक जमीन लावायला मदत करा आणि तेच धान्य गावात साठवून गरिबांना द्या, अशी व्यवस्था या बायांनी उभी केली. बालवाड्याही चालवल्या. लेकरांच्या ताटात काय पडते याचा आणि शेतात काय पेरले जाते याचा संबंध त्यांनी जोडला. शेती आणि आरोग्य हे दोन विषय आपण एकाच पानावर छापतो, पण एका ताटात क्वचितच आणतो.

आता अवघड भागाकडे येतो. आयाबापांना विचारले की ते जे सांगतील ते सगळे बरोबरच असते, असे मी म्हणणार नाही. तीन वर्षांच्या लेकराला एबीसीडी लिहायला लावा, नाही लिहिले तर एक छडी द्या, असे बाप मला सांगतात. मुलाला अंडे आणि मुलीला केळे चालेल, असे सांगणारी आजीही भेटली आहे. बरोबरीने बसायचे म्हणजे एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने मुकाट ऐकायचे असे नव्हे. ते तर आजवर चाललेच होते, फक्त बाजू बदलली असती. डॉक्टरला, सिस्टरला, अंगणवाडीच्या शिक्षिकेला जे ठाऊक आहे ते त्यांनी सांगावे, भांडावे लागले तर भांडावे. तीन वर्षांच्या बोटांत पाटी-पेन्सिल धरायची ताकद नसते. मातीचे गोळे, बिया वेचणे, कात्रीने कागद कापणे यांनी ती येते. हे बापाला पटवून द्यावे लागते. माझ्या अनुभवाने सांगतो, त्याला रागावून सांगितले तर तो लेकरूच काढून घेतो. वर्गात एक तास बसवून दाखवले तर बहुधा पटते.

दुसरी अडचण बैठकीची. बैठक म्हटली की पंचायतीच्या कट्ट्यावर पुरुष खुर्चीत आणि बाया खाली, डोक्यावर पदर, भिंतीकडे तोंड. 'बोला, कोणाला काय सांगायचे?' असे म्हटल्यावर कोण बोलणार? सासूसमोर सून बोलत नाही, मालकासमोर सालगड्याची बायको बोलत नाही. म्हणून वेगळ्या जागी विचारावे. हातपंपावर, खुरपताना पात्याला, रात्री भाकरी झाल्यावर एखाद्या अंगणात. आणि एकदा विचारून मोकळे होऊ नये. पहिल्या वेळी त्या 'सगळं चांगलं हाय' असेच म्हणतात. तिसऱ्या वेळी खरे निघते. आपल्या भागात भाषेचीही गाठ आहे. घरी लेकरू मराठी बोलते, अंगणवाडीत कन्नड, शेजारच्या तांड्यावरचे लंबाणी, मोहल्ल्यातले दखनी. शिक्षिकेचा दोष नाही आणि राज्याची भाषा लेकराला आलीच पाहिजे. पण तीन वर्षांचे लेकरू 'लघवीला जायचे' हे कोणत्या भाषेत सांगते, हे तिला आईनेच पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे. एवढ्याशा शब्दावाचून लेकरे ओली होऊन रडत घरी येतात आणि मग जातच नाहीत.

आणि स्वतः लेकरांचे काय? त्यांना विचारायचे का? येथे आपले मोठे लोक हसतात. पण आपल्या कर्नाटकातच कुंदापूर तालुक्यात 1995 साली मुलांच्या पंचायती सुरू झाल्या. काम करणाऱ्या मुलांचा भीमा संघ आणि 'कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन' ही संस्था यांनी त्या उभ्या केल्या. मुलांनी मुलांना निवडून दिले. पावसाळ्यात शाळेला जाताना ओढा ओलांडावा लागतो, तेथे साकव हवा, असे प्रश्न त्यांनी मोठ्यांपुढे मांडले. 2006 साली राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना मुलांची ग्रामसभा, मक्कळ ग्रामसभा, वर्षातून एकदा भरवण्याचा आदेश दिला. तुमच्या पंचायतीतही ती भरत असेल. कशी भरते ते पाहा. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने 1992 साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची एक शिडी मांडली. तिच्या आठ पायऱ्यांपैकी खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग म्हणतच नाही: मुलांचा आपल्या कामासाठी वापर करून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे, आणि नावापुरते विचारणे. पंधरा ऑगस्टला उन्हात दोन तास उभ्या केलेल्या, पाहुण्याच्या गळ्यात हार घालणाऱ्या मुली कोणत्या पायरीवर आहेत हे तुम्हीच सांगा. आमच्या शाळांतूनही हेच चालते. मी स्वतः असे हार घालून घेतले आहेत.

मुलांना विचारायचे म्हणजे 'मोठेपणी काय होणार' हे नव्हे. शाळेच्या वाटेवर भीती कोठे वाटते? संडासाला जायचे टाळता का? जेवण कोणत्या दिवशी टाकून देता, आणि का? आठ वर्षांची मुलगी याची जी उत्तरे देते ती हेडमास्तरांच्या वहीत नसतात.

घरात लगेच करता येण्यासारखे एक काम सांगतो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या लेकराचा डावा दंड मधोमध मोजायची रंगीत पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल, त्या लेकराला त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यावे. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे पिवळा, खाणे वाढवावे आणि अंगणवाडीत नोंद करावी. आजवर ही पट्टी कार्यकर्तीच्या पिशवीत असे. आफ्रिकेत नायजर देशात 2010 नंतरच्या वर्षांत आयांच्याच हाती ती देऊन पाहिली. निरक्षर आयांनी कार्यकर्तीइतकेच बरोबर मोजले, आणि लेकरे लवकर, फार खालावण्याआधी, दवाखान्यात आली. पट्टी आईच्या घरी खुंटीला असली की 'तुमचे बाळ बारीक आहे' हे तिला दुसऱ्याने सांगायची वाट पाहावी लागत नाही. तसेच वजनाचे. आता वजन अंगणवाडीच्या फोनमध्ये नोंदतात. 'किती भरले, मागच्या महिन्यात किती होते, माझ्या तायी कार्डावर लिहून द्या' असे मागून घ्या. ते तुमच्या लेकराचे वजन आहे.

आता माझ्या त्या बालवाडीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. बायांबरोबर तीन रात्री बसलो. त्यांनी ठरवले की सुगीत आणि खुरपणीच्या दिवसांत बालवाडी सकाळी साडेसहाला उघडावी आणि दिवस बुडेपर्यंत असावी, एरवी अर्धा दिवस पुरे. शिकलेली मुलगी सकाळी चार तास आणि बाकीचा वेळ गावातल्या दोन म्हाताऱ्या, असे त्यांनीच सुचवले. लाडूऐवजी ज्वारीच्या पिठाची घट्ट आंबील आणि डाळ, दिवसातून तीनदा. धान्य प्रत्येक घराने राशीच्या वेळी पायलीभर द्यायचे. मी कोणती म्हातारी ठेवावी हे सांगू लागलो तर त्या म्हणाल्या, "ती नको फादर, ती लेकराला अफू चाटवती." हे मला कसे कळणार होते! दुसऱ्या वर्षी सुगीत एकोणतीस लेकरे होती आणि चार मुली शाळेत परतल्या. पाचवी परतली नाही, तिचे लग्न ठरले होते. ऊसतोडीला जाणाऱ्या सहा घरांचे काय करावे हे तेव्हाही सुटले नाही आणि आजही माझ्याजवळ त्याचे उत्तर नाही. फडावर जाणाऱ्या आयांनीच ते सांगावे, म्हणून त्या निघण्याआधी त्यांना एकदा बसवायचे आहे.

2023 मध्ये राज्य सरकारने ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' म्हणजे तान्ह्यांची घरे सुरू केली, रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या सात महिने ते तीन वर्षांच्या लेकरांसाठी. तुमच्या पंचायतीत ते आहे का, किती वाजता उघडते आणि ती वेळ कोणी ठरवली, एवढे विचारून या. येळवशीनंतर तुरीची रास सुरू होते, त्याआधी आपल्याला हे कळले पाहिजे. येत्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या मागच्या चिंचेखाली फक्त पाच वर्षांखालच्या लेकरांच्या आया आणि त्यांना सांभाळणाऱ्या मुली बसतील. पुरुषांनी त्या वेळी बैलगाड्यांकडे आणि लेकरांकडे पाहावे. मीही तेथे नसेन; सिस्टर लिहून घेतील.